उपदेशाच्या पुस्तकांपासून स्मृतिचित्रांपर्यंत : मराठी ख्रिस्ती स्त्री-बालवाङ्मयाची वाटचाल

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखात छापील पुस्तक ही नवलाची वस्तू होती. पोथी हाताने लिहिली जाई, पुराणिक ती वाचून दाखवी आणि घरातील स्त्रिया व मुले ती ऐकत. ग्रंथाशी त्यांचा संबंध येई तो बहुधा कानांनीच. अशा समाजात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी, म्हणजे प्रत्येक माणसाने बायबल आपल्या भाषेत स्वतः वाचले पाहिजे असे मानणाऱ्या पंथांच्या धर्मप्रचारकांनी, स्त्रिया, मुले आणि कुटुंबे यांच्यासाठी पुस्तके छापण्याचा उद्योग हाती घेतला, तेव्हा त्यांना पुस्तकाच्या आधी वाचकच तयार करावा लागला. त्या खटाटोपातून जे वाङ्मय निर्माण झाले त्यातील बरेचसे आज कोणी वाचत नाही, आणि मुद्दाम वाचावे असा त्यातील पुष्कळ पुस्तकांचा मगदूरही नाही. परंतु ज्यांना उपदेश करण्यासाठी ही पुस्तके लिहिली गेली त्या वर्गातूनच काही जणींनी पुढे स्वतः लेखणी हाती घेतली, आणि त्यांनी जे लिहिले ते उपदेशकांच्या योजनेत कोठेच बसणारे नव्हते. या पालटाची बीजे त्या उपदेशपर पुस्तकांच्या घडणीतच होती.

मराठीत ख्रिस्ती कुटुंबांसाठी लिहिण्याचा पहिला मोठा प्रयत्न याहून दोनशे वर्षे आधीचा आणि कॅथलिक पंथाचा आहे. येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य असलेला इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ साष्टीतील राशोल येथे छापले गेले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना त्यांची जुनी पुराणे वर्ज्य झाली होती आणि त्यांच्या जागी घरात वाचावे-ऐकावे असे काहीच उरले नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन्सने सुमारे ११,००० ओव्यांत बायबलातील कथा मराठीत सांगितली, मात्र देवनागरी खिळे हाताशी नसल्याने ती रोमन लिपीत छापावी लागली. त्याची कोकणीतील ‘दौत्रिना’, म्हणजे धर्मतत्त्वे प्रश्नोत्तरांच्या रूपाने शिकवणारी पुस्तिका, त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली प्रसिद्ध झाली. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध हुकूम काढला आणि ही परंपरा खुंटली. मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना तिचा आधार मिळाला नाही. त्यांनी पाटी कोरी आहे असे समजूनच आरंभ केला.

हे मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले होते आणि १८१३च्या फेब्रुवारीत ते मुंबईस पोहोचले. त्यांचा छापखाना १८१६मध्ये उभा राहिला, खिळे कलकत्त्याहून मागवले गेले आणि १८१७ साली त्यावर पहिले मराठी धर्मपत्रक छापून निघाले. नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या येशूच्या चरित्रापासून पुढील भागाचे, संपूर्ण मराठी भाषांतर १८२६मध्ये आणि समग्र बायबल १८४७मध्ये बाहेर आले. या छापखान्याचे श्रेय धर्मप्रसारापुरते मर्यादित ठेवता येत नाही. थॉमस ग्रॅहम याने तेथे देवनागरी खिळ्यांचे वळण सुधारले, ते आकाराने लहान आणि रेखीव केले, आणि पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी हे या कामाचे पहिले धडे तेथेच शिकले. म्हणजे ज्या छापखान्याने हिंदू धर्मग्रंथांवर टीका करणारी पत्रके काढली, त्याच्याच शिष्याने पुढे संस्कृत ग्रंथांच्या देखण्या आवृत्त्या घरोघर पोहोचवल्या.

पहिल्या काळातील पत्रके प्रौढ पुरुषांसाठी आणि बहुधा वादासाठी लिहिलेली असत: मूर्तिपूजा, अवतार, पापक्षालन असे त्यांचे विषय. बाजारात, यात्रेत, देवळाच्या पायऱ्यांवर ती वाटली जात आणि घेणारा ती वाचण्यासाठी घेई की पुड्या बांधण्यासाठी याचा भरवसा नसे. स्त्रिया आणि मुले या व्यवहारात जवळजवळ नव्हतीच. त्यांच्याकडे लक्ष वळले ते शाळांच्या निमित्ताने. अमेरिकन मिशनने १८२४मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ साली सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका मुलींच्या शाळांची देखरेख करण्यासाठी मुंबईस आली आणि १८३९पासून १८६२ साली मृत्यू येईपर्यंत तिने अहमदनगरास हेच काम केले. स्कॉटिश मिशनच्या वतीने मार्गारेट विल्सन यांनी पती जॉन विल्सन यांच्यासह १८२९मध्ये मुंबईत पाऊल ठेवले, त्या मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा आणि निराश्रित मुलींचे वसतिगृह चालवले आणि १८३५मध्ये त्यांचे निधन झाले. या शाळांत प्रथम आल्या त्या बहुतेक गरीब घरच्या मुली, कारण वरच्या जातींत मुलीने अक्षर गिरवणे हे अशुभाचे लक्षण मानले जाई आणि शिकलेल्या मुलीला वैधव्य येते ही समजूत घट्ट होती.

मुलींना अक्षरओळख झाली की पुढे वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न लगोलग उभा राहिला. मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीच्या प्रयत्नांतून मराठीत मुलांसाठी पुस्तके होऊ लागली होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही १८२८ सालची पुस्तके त्या काळातील चांगल्या मराठी गद्याचा नमुना म्हणून आजही दाखवता येतात. मिशनला मात्र नीतीबरोबर धर्मही हवा होता. त्यासाठी १८२७मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीने, म्हणजे सर्व प्रॉटेस्टंट मिशनांच्या सहकार्याने धर्मपुस्तके काढणाऱ्या संस्थेने, प्रश्नोत्तरी, बायबलमधील गोष्टी, भक्त मुलांची चरित्रे अशी पुस्तके हळूहळू छापण्यास सुरुवात केली. त्यातील बरीचशी इंग्रजीवरून उतरलेली होती. आजारी पडलेले, सहनशील, देवाचे नाव घेत डोळे मिटणारे इंग्रज मूल हा इंग्लंडातील धार्मिक बालवाङ्मयाचा आवडता नायक, आणि तो मराठीत आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे बर्फ, शेकोटी आणि रविवारचे कपडेही आले. जॉन बन्यन याच्या यात्रेकरूच्या रूपककथेचे हरि केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१मध्ये केलेले भाषांतर त्या मानाने सरस ठरले, आणि त्याचे कारण उघड आहे: यात्रेला निघालेला, वाटेत संकटे सोसणारा आणि अखेर क्षेत्री पोहोचणारा माणूस मराठी वाचकाला परका नव्हता.

कुटुंबासाठी स्वतंत्र वाङ्मय हवे ही जाणीव तीव्र झाली ती मात्र धर्मांतरांच्या अनुभवामुळे. १८३९मध्ये मुंबईत दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनशाळा ओस पडल्या. १८४३मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला बाळशास्त्री जांभेकर यांच्या पुढाकाराने प्रायश्चित्त देऊन परत घेण्यात आले, त्यावरून ब्राह्मण समाजात मोठे वादळ उठले. या प्रसंगांनी मिशनऱ्यांना दोन गोष्टी शिकवल्या. वादविवादाने एखादा बुद्धिमान तरुण हाती लागला तरी तो एकटाच येत असे. त्याची आई, पत्नी, मुले मागे राहत, आणि घर हाती न आल्याने समाजही हाती येत नसे. दुसरे असे की जी थोडी ख्रिस्ती कुटुंबे तयार झाली होती त्यांच्यापुढे घर चालवण्याचा नमुनाच नव्हता: सणवार, सोवळेओवळे, बारसे, लग्न यांची जुनी चौकट मोडली होती आणि नवी कशी असावी हे सांगणारे कोणी नव्हते. पुढची चाळीस-पन्नास वर्षे जी पुस्तके निघाली ती या दोन गरजा भागवण्यासाठी निघाली, आणि त्यातील दुसरी गरज अधिक खरी असल्यामुळे तिच्यासाठी लिहिलेली पुस्तके अधिक जिवंत ठरली.

या वातावरणात १८४२च्या जूनमध्ये अहमदनगरहून हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. हे पत्र मिशनचे मुखपत्र होते आणि धर्मवाद हा त्याचा प्राण होता, तरी विज्ञान, भूगोल, बातम्या आणि स्त्रीशिक्षण यांनाही त्यात जागा मिळे. जोतीराव फुले यांनी अहमदनगरास फॅरारबाईंच्या शाळा पाहिल्या आणि त्यातून स्वतः मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा घेतली, हे त्यांनीच १८५३मध्ये सांगितल्याचा वृत्तान्त ज्ञानोदयात छापलेला आहे. त्याहून महत्त्वाची नोंद १८५५ सालची. फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील किशोरवयीन मुलीचा निबंध ज्ञानोदयाने दोन अंकांत छापला, आणि त्यात तिने महार-मांगांची दुःखे सांगितली, आम्हांला धर्म तरी कोणता असा प्रश्न विचारला, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते हे लिहिले. ही मुलगी ख्रिस्ती नव्हती, तिची शाळा मिशनची नव्हती आणि निबंध बायबलवर नव्हता. तरी मुलांना व स्त्रियांना शिकवू पाहणाऱ्या पत्राने शिकवलेल्या मुलीचे लिखाण छापले, ही गोष्ट मिशनच्या कोणत्याही प्रश्नोत्तरीपेक्षा अधिक दूरगामी होती.

स्त्रियांसाठी लिहिलेल्या ख्रिस्ती कथेचा पहिला ठळक नमुना मराठीतला नसून बंगालीतला आहे. हाना कॅथरिन मुलेन्स (१८२६–१८६१) ही कलकत्त्यातील मिशनऱ्याची मुलगी, तिला बंगाली लहानपणापासून येत होते, आणि देशी ख्रिस्ती बायकांनी वाचावे म्हणून तिने लिहिलेले ‘फुलमणि आणि करुणा’ यांचे वृत्त १८५२मध्ये प्रसिद्ध होऊन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उतरले. कथा अगदी साधी आहे: एका वस्तीत राहणाऱ्या दोन ख्रिस्ती स्त्रियांपैकी फुलमणि नीटनेटकी, भक्तिमान आणि काटकसरी, करुणा आळशी आणि भांडखोर, आणि एक इंग्रज मडम त्यांच्या घरी जाऊन-येऊन हे सारे सांगते. आज ते वाचताना खटकते ते मडमेचे वरचढपण. अंगण झाडलेले असणे, मुलांचे कपडे धुतलेले असणे आणि आत्मा शुद्ध असणे यांत तिला फारसा फरक दिसत नाही. परंतु या पुस्तकाने एक नवी गोष्ट केली. एका गरीब बाईचे स्वयंपाकघर, तिच्या नवऱ्याचे दारू पिणे, तिच्या मुलाचे आजारपण हे गद्यकथेचे विषय होऊ शकतात, हे त्याने दाखवून दिले, आणि ते अशा वेळी जेव्हा देशी भाषांत कादंबरी हा प्रकार नुकताच कोठे चाचपडत होता.

मराठीत हे काम बाबा पदमनजी यांनी केले, आणि मुलेन्सबाईंपेक्षा अधिक धाडसाने केले. पदमनजी १८३१ साली बेळगावात एका सधन कासार कुटुंबात जन्मले, बेळगाव आणि मुंबई येथील मिशनशाळांत शिकले, जातिभेद गुप्तपणे मोडणाऱ्या परमहंस मंडळीत वावरले आणि १८५४मध्ये त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती होण्यापूर्वीच, १८५२मध्ये, त्यांनी स्त्रियांच्या विद्याभ्यासावर निबंध लिहिला होता, म्हणजे स्त्रीचा प्रश्न त्यांच्याकडे मिशनमधून आयता आलेला नव्हता. १८५६मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ प्रसिद्ध झाले. मिशनशाळेत शिकलेली यमुना पतीसह प्रवासाला निघते आणि गावोगाव भेटणाऱ्या विधवांच्या हकीकती ऐकत जाते. कोणाचे केशवपन झालेले, कोणाला शुभकार्यात तोंड दाखवायची बंदी, कोणी घरच्याच पुरुषाच्या वासनेला बळी पडून बदनाम झालेली. पुढे यमुनेवरच वैधव्य कोसळते, सासरची माणसे तिच्या केशवपनाची तयारी करतात, आणि ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते.

कथेचा शेवट ठरवून केलेला आहे हे कोणालाही दिसते, आणि पात्रांपेक्षा त्यांच्या तोंडची भाषणेच लांब आहेत ही तक्रारही रास्त आहे. हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी मानावे की नाही हा वाद अभ्यासकांवर सोपवला तरी त्याचे खरे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. पदमनजी ब्राह्मण नव्हते, पण ब्राह्मण घरांतील बोलणे त्यांनी जवळून ऐकलेले होते. सासूचे टोमणे, भटजींची उत्तरे, शेजारणींची कुजबुज त्यांनी ज्या मराठीत लिहिली ती मिशनऱ्यांच्या भाषांतरित मराठीहून फार निराळी, घरात बोलली जाणारी मराठी होती. उपदेश करायचा तर ज्या घराला उपदेश करायचा ते घर आधी खरे दिसले पाहिजे, हे त्यांना उमगले होते. पुढे पदमनजींनी शंभराच्या आसपास पुस्तके लिहिली, ‘सत्यदीपिका’, ‘कुटुंबमित्र’ यांसारखी नियतकालिके चालवली आणि ट्रॅक्ट सोसायटीच्या संपादनकामात आयुष्याचा उत्तरार्ध घालवला, परंतु १८८८मध्ये प्रसिद्ध झालेले ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र सोडले तर यमुनापर्यटनाच्या तोडीचे काही त्यांच्या हातून पुन्हा उतरले नाही. संस्थेसाठी सतत लिहिणाऱ्या लेखकाचे असे होते.

१८५७च्या उठावानंतर इंग्लंडात अशी समजूत पसरली की हिंदुस्थानात ख्रिस्ती शिक्षण कमी पडले, आणि १८५८मध्ये देशी भाषांत शाळापुस्तके काढण्यासाठी एक नवी संस्था निघाली. जॉन मर्डॉक हा तिचा चालक अनेक दशके देशभर फिरून कोणत्या भाषेत काय छापले आहे याच्या याद्या करीत राहिला, आणि क्रमिक पुस्तके, चित्रांची पुस्तके, स्वस्त गोष्टी यांचा एक साचा ठरला. मुलांच्या वाचनाची गरज महाराष्ट्रात दुष्काळांनीही वाढवली. १८७६–७८च्या आणि १८९९–१९००च्या दुष्काळांत मिशनांच्या अनाथाश्रमांत मोठ्या संख्येने मुले आली, त्यांना शिकवणे भाग होते, आणि रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गांना, ज्यांना मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, शब्बाथशाळा म्हणतात, दर आठवड्याला नवे काहीतरी हवे असे. या गरजेतून अमेरिकन मिशनने १८७२मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केले. मराठीत मुलांसाठी दीर्घकाळ टिकलेले हे पहिले मासिक; वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ निघाला तो १९०६मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी. बालबोधमेव्यात चित्रे असत, प्राणी व देशोदेशींची माहिती असे, आणि बायबलचा धडा असला तरी त्याच्या आजूबाजूला इतके काही असे की मुलाला तो धडा ओलांडून पुढे जाता येई.

या सगळ्या पुस्तकांचा प्रत्यक्ष वापर कसा होई हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे मोल ठरवता येत नाही. १८८१च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. त्यामुळे स्त्रियांसाठी छापलेले पुस्तक बहुतेक वेळा वाचून दाखवलेच जाई, आणि ते वाचून दाखवणारी असे बायबलबाई, म्हणजे मिशनने थोडे वेतन देऊन नेमलेली, घरोघर जाणारी देशी ख्रिस्ती स्त्री. ती पुष्कळदा विधवा असे, बेताचे शिकलेली असे, आणि मडमेला जेथे ओसरीच्या पुढे प्रवेश नव्हता तेथे तिला निदान माजघराच्या उंबरठ्यापर्यंत जाता येई. जे वाक्य ऐकणाऱ्या बाईला कळत नसे ते तिला आपल्या शब्दांत सांगावे लागे. गाण्याचेही तसेच झाले. बॅलंटाइन यांनी पाश्चात्त्य चालींवर मराठी गीते रचली, परंतु घरात रुजली ती कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या देशी ख्रिस्ती कवींची पदे आणि कीर्तने, कारण ती चाल ऐकणाऱ्यांच्या कानावर आधीपासून होती. पुराणिकाच्या काळातील श्रवणाची सवय अशा रीतीने छापील पुस्तकाने मोडली नाही; उलट त्या सवयीनेच छापील पुस्तकाला आपल्या बाजूस वळवले.

हिंदू घरांत मात्र या वाङ्मयाला शिरकाव झाला तो फार थोडा. १८५७च्या आरंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले, पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या निबंधमालेने मिशनऱ्यांवर झोड उठवली, आणि शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात ख्रिस्ती पुस्तक म्हणजे आपल्या घराची निंदा हे समीकरण पक्के झाले. ते सर्वस्वी अन्यायाचे नव्हते. या पुस्तकांत हिंदू घर अंधारे, ख्रिस्ती घर उजेडाचे अशी वाटणी इतक्या यांत्रिकपणे येते की विधवेच्या दुःखासारखा खरा विषयही प्रचाराचा माल वाटू लागतो, आणि ख्रिस्ती झालेल्या घरांतही जातीची आठवण, दारिद्र्य आणि स्त्रीचे दुय्यमपण उरते याचा त्यांत सहसा उल्लेख नसतो. त्या घरांविषयी खरे लिहायला त्यातील बाईच लागली.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) या परंपरेत बाहेरून आल्या आणि आत आल्यावरही तिच्या ताब्यात गेल्या नाहीत. मराठी स्त्रियांना उद्देशून लिहिलेले ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे १८८२चे पुस्तक बाप्तिस्म्याच्या आधीचे, त्यात ख्रिस्ती धर्म नाही, आणि त्याच्या विक्रीतूनच त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च निघाला. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९मध्ये मुंबईत शारदासदन, १८९३मध्ये तेथील विधवांच्या धर्मांतराच्या शंकेवरून झालेला गदारोळ आणि अखेर केडगावचे मुक्तिसदन हा क्रम सर्वपरिचित आहे. त्या मानाने केडगावच्या छापखान्याची गोष्ट कमी सांगितली जाते. दुष्काळातून आणलेल्या मुली व विधवा तेथे खिळे जुळवणे, छपाई आणि बांधणी शिकल्या, आणि रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्याच हातांनी छापले गेले. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील अशिक्षित बाईला ते कळत नाही, आणि त्यातील पुष्कळ शब्दांना जुन्या पूजाविधींचा वास आहे, असा रमाबाईंचा आक्षेप होता. विद्वत्तेसाठी संस्कृत पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या बाईने आयुष्याची शेवटची दीड-दोन दशके संस्कृत शब्द गाळण्यात घालवावी, ही निवड सोपी नव्हती. मृत्यूपर्यंत त्या हे काम करीत होत्या. समग्र ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला. शब्द साधे ठेवताना वाक्यरचना मात्र मूळ हिब्रू-ग्रीकला इतकी चिकटून राहिली आहे की सोपे होण्यासाठी केलेले हे भाषांतर काही ठिकाणी अवघडच झाले, आणि मंडळीच्या उपासनेत बायबल सोसायटीच्या भाषांतराची जागा त्याने घेतली नाही. तरीही वाचक बाई कोण, तिला काय कळते आणि काय कळत नाही, हा विचार भाषांतराच्या प्रत्येक ओळीला लावून पाहण्याइतका गंभीरपणे मराठीत त्याआधी कोणी घेतला नव्हता.

अहमदनगरास दुसरी धारा वाहत होती. नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, आणि ख्रिस्ती भक्तीला अभंगाची, ओवीची आणि कीर्तनाची वाट मोकळी करून देण्याचा त्यांनी ध्यास घेतला. ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहातील त्यांच्या रचना मराठी मंडळ्यांत आजही गायिल्या जातात. मुलाफुलांचा कवी म्हणून त्यांची ओळख मंडळीच्या बाहेर झाली, आणि बालकवी ठोंबरे यांच्यासारखा तरुण कवी काही काळ त्यांच्याच घरी राहिला, म्हणजे मिशनच्या बालवाङ्मयाच्या वर्तुळातून मराठी निसर्गकवितेलाही एक वाट फुटली. कॅथलिक बाजूस जर्मन येशूसंघीय हेन्री डोरिंग यांनी १९०३मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढून कुटुंबांसाठी असाच उद्योग आरंभिला आणि तो प्रॉटेस्टंटांच्या बहुतेक मासिकांपेक्षा जास्त काळ टिकला. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभले होते. १९१९मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते, आणि उरलेले साठांवर अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी लिहून काढले.

लक्ष्मीबाईंचा मागचा प्रवास पाहिला म्हणजे या शतकभराच्या प्रयत्नांचा हिशेब निराळाच दिसू लागतो. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे माहेरच्यांकडे राहिल्या, मग परत आल्या, आणि पुढे काही काळ ख्रिस्ती घरात सोवळे सांभाळीत राहून १९००मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. कोणत्याही शाळेत त्या गेल्या नव्हत्या. लिहिणे-वाचणे त्यांना टिळकांनी घरी शिकवले. ज्या नवख्रिस्ती बाईला घर कसे चालवावे हे समजावून सांगण्यासाठी एवढी पुस्तके छापली गेली, ती बाई म्हणजे नेमक्या याच. परंतु १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी जे घर उभे केले त्यात अंधार आणि उजेड यांची ती जुनी वाटणी कोठेच आढळत नाही. सोवळ्याच्या वेडाने घरादाराला जेरीस आणणारे त्यांचे हिंदू वडील जितके हास्यास्पद आणि करुण आहेत, तितकेच दातृत्वाच्या भरात घरात दाणा न ठेवणारे त्यांचे ख्रिस्ती पतीही आहेत. मिशनऱ्यांचे प्रेम आहे तसा त्यांचा आडमुठेपणाही आहे. आणि जात सुटली म्हणून माणसाचा स्वभाव सुटत नाही हे त्या स्वतःच्याच फजित्या सांगून दाखवतात. १९३६मध्ये त्या वारल्या तेव्हा लेखन अपुरे होते आणि शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. जोसेफाइन इन्क्स्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५०मध्ये निघाले. उपदेशाच्या पुस्तकांना हिंदू घरातला जो वाचक शंभर वर्षे हाका मारूनही मिळाला नव्हता, तो या पुस्तकाकडे आपण होऊन आला, आणि त्यातील धर्मांतराची हकीकत वगळून त्याने ते वाचले असेही झाले नाही.